घाटावरचा झोत

प्रेरणा जंजाळला विमानात बसायची भीती कधी वाटली नव्हती. तिला धास्ती असायची ती एकाच गोष्टीची, की एखाद्या दिवशी शेजारच्या सीटवर शिकवायला आपला सख्खा भाऊ बसेल.

अभय तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. फुलंब्रीच्या पुढं, जळगाव रस्त्यापासून आत माळावर एक खासगी धावपट्टी होती, तिथल्या फ्लाइंग क्लबात तो शिकवायचा. पत्र्याचं हँगर, दोन सीटची दोन छोटी विमानं आणि पंधरा-वीस विद्यार्थी, एवढाच तो क्लब. भावानं बहिणीला शिकवू नये असा तिथला रिवाज होता. त्यामुळं प्रेरणा याह्या सरांच्या हाताखाली शिकत होती. पण मे महिन्यात सर लग्नासाठी परभणीला गेले, दुसरं विमान इंजिनाच्या दुरुस्तीसाठी उघडून पडलं आणि प्रेरणाची जळगावपर्यंतची फेरी अडून राहिली. "मीच घेऊन जातो हिला," अभय म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही. पुढच्या महिन्यात तो क्लब सोडून एका मोठ्या विमान कंपनीत रुजू होणार होता. जाता जाता बहिणीची एक फेरी केली, तर त्यात काय बिघडणार होतं?

जळगावहून परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली केळीच्या बागा, आणि डावीकडं, बुलढाण्याच्या अंगाला, ढगांचा एक मनोरा उभा राहत होता. माथा कापसासारखा पांढरा, बूड शाईसारखं.

"दादा, तो ढग बघ."

"बघितला. तो पट्टीवर पोचायच्या आत आपण उतरलेलो असू. पॉवर आहे तशीच ठेव, नाक थोडं खाली घे."

प्रेरणानं नाक खाली घेतलं. वेगाचा काटा सरकत हिरव्या पट्ट्याच्या टोकाला आला आणि पिवळ्यात शिरला. हिरव्यात कसंही उडावं, पिवळ्यात फक्त हवा शांत असताना, हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं.

"पिवळ्यात चाललोय. कमी करू का?"

"हवा शांत आहे. चालू दे."

हवा खरंच शांत होती. काचेवर हात ठेवला तरी थरथर लागत नव्हती. फर्दापूरची हॉटेलं आणि बसस्थानक खाली दिसू लागलं. समोर अजिंठ्याचा डोंगर आडवा पसरलेला, वर पठार, पठारावर सिल्लोड, त्याच्या पुढं त्यांची धावपट्टी. ढगातून सुटलेला वारा मात्र जमिनीलगत त्यांच्या आधी डोंगराला जाऊन भिडला होता, हे वरून कळायला मार्ग नव्हता.

"दादा, घाटाआधी तरी कमी करते."

"प्रेरणा, वादळ पट्टीवर आधी आलं तर उतरायचं कुठं? चल."

तेवढ्यात तिला दिसलं. कड्याच्या अंगानं धुळीचा एक पडदा सरळ उभा वर चढत होता. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत खालून दणका बसला.

ती सीटमध्ये रुतली. हनुवटी छातीवर आपटली. वेग कमी करायला हात उचलायचा होता, तो उचलेचना, कुणी त्याला वाळूची गोणी बांधल्यासारखा. दुसऱ्या क्षणी खालचा आधारच गेला. पट्टा खांद्यात घुसला, पाण्याची बाटली आणि नकाशा छताला जाऊन लागले. पुन्हा वर. पुन्हा खाली. "माझ्याकडं दे!" अभय ओरडला आणि त्यानं पॉवर ओढून नाक वर धरलं. काटा हळूहळू उतरत हिरव्यात आला. डोंगर मागं पडला. प्रेरणानं डावीकडच्या पंखाकडं बघितलं. तो होता. त्या क्षणी तिला एवढंच कळलं.

अभयनं विमान सरळ केलं. मग म्हणाला, "घाट आहे. आपटतो कधी कधी." हसायचा प्रयत्न केला त्यानं, पण ते हसू जमलं नाही.

पट्टीवर लुबना शेख दोर घेऊन उभ्या होत्या. सिल्लोडच्या लुबना मॅडम क्लबच्या इंजिनिअर. विमान उडण्याजोगं आहे की नाही, याच्यावर सही त्यांची. वादळ यायच्या आत विमान बांधून ठेवायची त्यांना घाई होती.

"कसं झालं?"

"थोडं हललं घाटावर," अभय म्हणाला. "बाकी ठीक."

लुबनानं प्रेरणाकडं पाहिलं. "तुझा चेहरा का असा उतरलाय?"

"मळमळतंय," प्रेरणा म्हणाली. ते खोटं नव्हतं. पुढचं सांगण्यासाठी तिनं भावाकडं पाहिलं, तर तो पाठ फिरवून दोर ओढत होता.

मोटरसायकलवरून घरी निघाले आणि फुलंब्रीच्या अलीकडं वादळानं गाठलंच. एका बंद रसवंतीच्या छपराखाली दोघं थांबले. पत्र्यावर गारा वाजत होत्या.

"दादा, मॅडमना सांगायला पाहिजे होतं."

"काय?"

"पिवळ्यात होतो ते. दणका केवढा होता ते."

"अगं, असल्या झोतासाठीच विमान बांधलेलं असतं. पंखाचा हिशोब करतानाच वाऱ्याचा मोठा झोत धरतात आणि वरून दीडपट ताकद ठेवतात. आपण नीट उतरलो की नाही?"

प्रेरणाला लुबना मॅडमचा शनिवारचा तास आठवला. फळ्यावर पंख काढून त्यांनी सांगितलं होतं: विमान पुढं चाललेलं असताना खालून हवा आली, की पंखाला ती एकदम तिरपी लागते आणि पंखावरचा भार वाढतो. वेग जितका जास्त, तितका तोच झोत जड. वेग कमी असला तर पंख अशा वेळी हवा सोडून देतो. विमान घसरतं, पण मोडत नाही. वेग जास्त असला तर पंख सोडत नाही, सगळं अंगावर घेतो. कुणीतरी विचारलं होतं, मग ती दीडपट ताकद कशाला आहे? मॅडम म्हणाल्या होत्या, "ती तुमच्यासाठी नाही. ती आमच्यासाठी आहे. धातूत राहून गेलेल्या खोटीसाठी, नजरेतून सुटलेल्या भेगेसाठी. तुम्ही त्या हद्दीत शिरलात तर पंख कदाचित तुटणार नाही. पण पहिल्यासारखाही राहणार नाही, आणि बाहेरून तसं दाखवणारही नाही."

"दीडपट आपल्यासाठी नसते," प्रेरणा म्हणाली.

"मला शिकवू नको." त्याचा आवाज चढला. मग त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "हे बघ. मी कळवलं की चौकशी लागते. चौकशी लागली की रुजू होणं थांबतं. आणि एकदा थांबलं की तिथं रांगेत दुसरे शंभर जण उभे आहेत. बाबा गेल्यावर मी काय काय केलंय ते तुला माहीत आहे."

माहीत होतंच. बाबा, कडूबा जंजाळ, एसटीचे चालक. कोरोनात गेले. तेव्हापासून अभय सकाळी क्लबात आणि संध्याकाळी शिकवणीवर्गात उभा राहत आला होता. प्रेरणा आज विमानात बसत होती ती त्याच्या जिवावर.

"उद्या सत्यम एकटा उडणार आहे," ती म्हणाली. "त्याच विमानात. पहिल्यांदा." सत्यम क्लबातला नवा विद्यार्थी होता.

अभय गारांकडं बघत राहिला. "मी सकाळी लवकर जाऊन स्वतः बघतो. एकेक रिव्हेट बघतो. झालं?"

तिनं मान हलवली. तिला ते खरं मानायचं होतं.

शहरात, मुकुंदवाडीत घरी पोचले तेव्हा आई, सरूबाई, धपाटे थापत होती. दोघं भिजलेली बघून आधी तिनं तोंडाचा पट्टा सोडला, मग टॉवेल आणले. शेजारच्या बाईला आज तिनं अभयच्या नव्या वर्दीबद्दल सांगितलं होतं. "खांद्यावर सोनेरी पट्ट्या असतेत म्हणलं. ती म्हणली, पोलिसासारख्या का? म्हणलं, नाय माय, लई वरच्या." ती हसली. अभयही हसला. प्रेरणानं अर्धा धपाटा ताटातच ठेवला. आईनं विचारलं तर पित्त झालंय म्हणाली.

सकाळी ती उठून बाहेर आली तेव्हा अभय फोनवर होता. विमान कंपनीच्या वैद्यकीय तपासणीचा एक कागद राहिला होता आणि तो आजच शहरातल्या डॉक्टरांकडून आणायचा होता.

"दहापर्यंत येतो मी क्लबात," तो म्हणाला.

"सत्यम आठलाच उडेल."

"लुबना मॅडम रोज बघतातच ना विमान?"

"त्यांना काय शोधायचं तेच माहीत नाही, दादा!"

आई आत होती. अभयनं बोट ओठांवर ठेवलं, हेल्मेट उचललं आणि तो निघाला. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत प्रेरणा दारात उभी राहिली. मग पायात चपला सरकवून ती मुख्य रस्त्याकडं पळत सुटली.

सिल्लोडच्या बसमध्ये तिला दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. तिथून तिनं लुबना मॅडमना फोन लावला. घंटी वाजत राहिली. क्लबातला फोनही कुणी उचलेना. याह्या सरांना लावायचा तर सर पहिल्यांदा विचारणार, तुझा भाऊ कुठं आहे? तिनं त्यांचं नाव पडद्यावर आणलं आणि पुन्हा मिटवलं. पूर्ण रस्ताभर ती मनात वाक्य जुळवत होती. दादाचं नाव न घेता सांगता येईल असं एक वाक्य. ते काही जुळलं नाही.

फाट्यावर उतरून ती पट्टीपर्यंत धावत गेली. विमान बाहेर उभं होतं. सत्यम त्याच्याभोवती फिरून तपासणी करत होता आणि रात्रीतून परभणीहून परतलेले याह्या सर हाताची घडी घालून बघत होते. कुंपणापाशी सत्यमचे आईवडील, काका, दोन लहान बहिणी. आईच्या हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा.

"थांबा," प्रेरणा म्हणाली. धाप लागल्यानं आवाज नीट निघाला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "सर, हे विमान उडवू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवाज ऐकून लुबना हँगरमधून बाहेर आल्या.

"काल घाटावर दणका बसला. मोठा. थोडं हललं म्हणालो आम्ही, ते तसं नव्हतं. मी चालवत होते. काटा पिवळ्यात होता."

लुबना तिच्या अगदी जवळ आल्या. "काल मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मग?"

लुबनानं क्षणभर तिच्याकडं रोखून पाहिलं आणि मग मागं वळून आपल्या मदतनिसाला हाक मारली, "जब्बार, विमान आत घ्या. टाळं लावा इंजिनाला."

सत्यमच्या आईनं नारळ पिशवीत ठेवला. तिनं प्रेरणाकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यात आभार नव्हते. पोराचा मोठा दिवस कुणीतरी नासवला होता, एवढंच तिला त्या घडीला दिसत होतं.

अभय दहा वाजून गेल्यावर आला. हँगरमध्ये विमानाची आवरणं काढलेली, लुबना विजेरी आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन पंखाखाली झोपलेल्या. त्याला सगळं उमगलं. याह्या सरांनी त्याला बाजूला नेलं नाही, तिथंच सगळ्यांसमोर विचारलं.

"अभय, ही म्हणते वेग पिवळ्यात होता. तू काय म्हणतोस?"

अभयनं बहिणीकडं बघितलं नाही. "हिरव्यात होता, सर. शेवटाला असेल, पण हिरव्यात. ती घाबरली. तिचा पहिलाच मोठा दणका होता तो. घाबरलेल्या माणसाला काटा कुठंही दिसतो."

लहानपणी तिच्या हातून काच फुटली, की हाच भाऊ पुढं होऊन 'मी फोडली' म्हणायचा. आता तिच्या शब्दासमोर त्याचा शब्द. त्याचे हजारो तास, तिचे जेमतेम साठ.

"तुझ्या शब्दावर घेऊ?" याह्या सरांनी विचारलं.

"घ्या."

"कुणाच्या शब्दावर काय घ्यायचं ते तुम्ही बघा," पंखाखालून लुबनाचा आवाज आला. "दणका जोराचा होता असं दोघांतल्या एकानंही म्हटलं, की मला उघडावं लागतं."

दुपार झाली. पत्रा तापून हँगरची भट्टी झाली. लुबना आणि जब्बार यांनी शेपटी पाहिली, इंजिनाच्या बैठका पाहिल्या, दोन्ही पंखांची टोकं जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजलं. सारखीच भरली. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगांवरून बोट फिरवलं. पंखाच्या आत छिद्रांतून आरसा घालून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. कुठं चुणी नाही, भेग नाही, उडालेला रंग नाही.

शेवटी लुबना घाम पुसत प्रेरणाजवळ येऊन टेकल्या. सकाळचा राग आवाजात उरला नव्हता.

"आत बसलेल्याला झोत असतो त्याहून मोठाच वाटतो. मलाही वाटलाय. आपल्या विमानात तो मोजणारं यंत्र नाही, नाहीतर भांडणच उरलं नसतं. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. पण मला काही सापडत नाही. लावून टाकते आवरणं."

प्रेरणानं मान डोलावली. खरंच हिरव्यात होता का काटा? तिनं डोळे मिटून कालचा क्षण आठवून पाहिला. आता काटा कधी हिरव्यात दिसे, कधी पिवळ्यात. सत्यमची आई, नारळ, दादाचं बोट ओठांवर. आपण भावाचं वाटोळं करायला निघालो होतो, आणि तेही डोळ्यांना झालेल्या भासावरून. ती उठून बाहेर जाणार होती.

जब्बारनं पहिलं आवरण स्क्रूवर टेकवलं.

"बंद करू नका," अभय म्हणाला.

तो सकाळपासून हँगरच्या दारात उभा होता. जेवला नव्हता. आता सुटला होता तो. कुणी त्याला काही विचारत नव्हतं. तिथून दोन पावलं आत येऊन तो थांबला.

"मॅडम, उजवीकडं बघा. पंखाच्या मुळाशी. आवाज आला होता मला."

लुबना उठून उभ्या राहिल्या.

"कसला आवाज?"

"एकदाच. जाड पत्रा दुमडावा तसा. मी त्या बाजूला बसलो होतो. तिला नाही आला ऐकू." तो आणखी एक पाऊल पुढं आला. "आणि काटा पिवळ्यात होता. चांगला आत. तिनं दोनदा विचारलं, वेग कमी करू का. मी नाही म्हटलं."

मुळाशी इंधनाची टाकी होती. ती काढल्याशिवाय तिच्या मागची जागा दिसत नाही, आणि बाहेर खूण नसेल तर टाकी काढायचं कारण नसतं. त्यांनी जब्बारला इंधन उपसायला सांगितलं. टाकी निघायला बराच वेळ गेला. मग त्या विजेरी घेऊन आत वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"सर, या," त्या म्हणाल्या. "तू पण ये, अभय."

पंखाचा कणा, ज्याला स्पार म्हणतात, तो मुळापाशी अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्टीचा होता. त्या पट्टीवर तिरकी एक घडी पडली होती, साडीच्या निरीला पडावी तशी. घडीच्या टोकाला एक रिव्हेट, आणि त्या रिव्हेटाच्या छिद्रातून केसाएवढी भेग निघाली होती. प्रेरणानं सगळ्यात शेवटी पाहिली. ती इतकी बारीक होती की विजेरी थोडी हलली तरी नाहीशी होत होती.

"किती टिकलं असतं?" याह्या सरांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. शंभर तास टिकलं असतं. किंवा सकाळचं पहिलंच वळण." लुबनानं विजेरी बंद केली. "बघून सांगता येत नाही, म्हणून तर उडवत नाहीत."

अभय तिथंच जमिनीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला, जत्रेत चुकलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. प्रेरणाला वाटलं त्याच्याजवळ जावं. पण सकाळचं ते 'घाबरली' अजून कानात होतं. ती गेली नाही.

घरी सांगितलं ते अभयनंच, पण अर्धं. विमानाला माझ्यामुळं नुकसान झालं, चौकशी लागली, नोकरी बहुतेक जाईल. बाकीचं आईला गल्लीतून कळलं. क्लबातल्या एका मुलाची मावशी मागच्याच ओळीत राहायची. तिनं सांगितलं, तुमच्या पोरीनंच भावाचं नाव सांगितलं.

सरूबाई प्रेरणाला एकदाच बोलली. "घरातली गोष्ट घरात ठिवता आली नाय तुला? भाऊ हाय त्यो तुझा. बापासारखा केला त्यानं." त्यानंतर तिनं लेकीशी बोलणंच टाकलं. ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि वळायची. अभय दिवसभर आतल्या खोलीत पडून राही. मधल्या भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येई, तेवढाच काय तो संबंध. आईच्या बोलण्यावर तो बाहेर येऊन काहीतरी म्हणेल याची प्रेरणानं वाट पाहिली. तो आला नाही.

रविवारी लुबना घरी आल्या. सिल्लोडहून एवढ्या लांब, सांगून नाही. सरूबाईनं चहा टाकला, कारण पाहुणीला चहा टाकायचाच असतो, पण कप ठेवताना तिनं मान वर केली नाही.

"पोराची नोकरी गेली ना?" तिनं विचारलं.

"हो. कालच कळवलं कंपनीनं. परवाना पण काही महिने बंद राहील," लुबना म्हणाल्या. गोड करून सांगायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी ते बोलायला नाही आले. प्रेरणा आठवडाभर क्लबात आली नाही, म्हणून आले. तिचं शिकणं थांबू नये."

"तिला काय धाड भरलीय? ती बसलीय की धडधाकट. भावाच्या विमानात काय झालं ते तिनं कशाला गावभर करावं?"

लुबनानं कप खाली ठेवला. "भावाच्या विमानात? आंटी, त्या विमानात दोघं होते."

सरूबाईचा हात पदरावर तसाच राहिला.

"दोघं म्हंजी?"

"प्रेरणा चालवत होती. अभय शेजारी होता. कणा दुमडला तो हे दोघं आत असताना."

आतल्या खोलीतला खोकला थांबला. सरूबाईनं लेकीकडं पाहिलं, मग आतल्या दाराकडं. तिला वाटत होतं लेकीला दुसरे सर शिकवतात. तेच तिला सांगितलेलं होतं, आणि तिनं दुसरं काही विचारलंही नव्हतं.

"दोघंबी व्हते?" तिनं पुन्हा विचारलं. या वेळी ती कुणालाच विचारत नव्हती. "त्या गारांच्या दिशी? भिजून आलते, धपाटे खाल्ले माझ्या हातचे... त्या दिशी?"

"हो, आई," प्रेरणा म्हणाली.

सरूबाई उठली. वाटलं, ती लेकीला जवळ घेईल. पण ती आतल्या खोलीच्या दारात गेली आणि पलंगावर उठून बसलेल्या अभयला म्हणाली, "म्या तिला आठ रोज बोलले नाय. तू आत पडून ऐकत व्हतास. तुझ्या तोंडून एक शब्द नाय निघाला, अभय?"

सरूबाई दारातच खाली बसली आणि रडायला लागली. पोराची गेलेली नोकरी, नवऱ्याचं जाणं, आठ दिवस गिळलेला राग, सगळंच एकदम वर आलं असावं. लुबना तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी समजूत घातली नाही, नुसत्या बसून राहिल्या.

पुढं झालं ते असं. अभयचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. शेवटी त्यानं स्वतःहून सांगितलं, हे चौकशीत धरलं गेलं, नाहीतर कायमचाच गेला असता, असं याह्या सर म्हणाले. विमान कंपनीनं पुन्हा विचारलं नाही. तो वाळूजला एका मालवाहतूक कंपनीत ट्रक कुठं पोचले ते बघायचं काम करू लागला. त्या विमानाला नवा पंख बसेपर्यंत पावसाळा संपला. सत्यमनं दुसऱ्या विमानातून पहिलं एकट्याचं उड्डाण केलं. त्याच्या आईनं त्या दिवशी प्रेरणाच्या हातावर पेढा ठेवला आणि तिचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

घरात बोलणं सुरू झालं. जेवण, वीजबिल, आईचे गुडघे. फक्त हँगरमधल्या त्या सकाळबद्दल भाऊबहीण बोलत नसत.

प्रेरणाची परवान्याची अंतिम परीक्षा नोव्हेंबरात ठरली. "मी सोडतो," अभय म्हणाला. त्या रस्त्यावर तो महिनोनमहिने गेला नव्हता. फाट्यावरून आत वळल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि क्लबच्या फाटकाच्या बरीच अलीकडं थांबवली.

"आत ये ना," प्रेरणा म्हणाली.

"नको. इथं बरा आहे मी."

ती उतरली. पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेली तेव्हा त्यानं हाक मारली. हेल्मेट काढून हातात धरलं होतं त्यानं.

"प्रेरणा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, की तू..."

"राहू दे, दादा," ती पटकन म्हणाली. "उशीर होतोय."

त्यानं मान हलवली आणि हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. ती फाटकाकडं चालू लागली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की तो बोलायला निघाला होता आणि आपण त्याला बोलू दिलं नाही. ती थांबली. मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती वळेपर्यंत तो रस्त्याला लागला होता.

आतून याह्या सर हात करून बोलावत होते. परीक्षक आले होते.